युवराजची माळ

माझ्या भावाने डुकराचं मांस खाल्लं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी एकदा याच्या उलट सांगितलं. एकदाच सांगितलं, पण ते पाच वर्षं पुरलं.

आमचं घर बरकतपुऱ्यात. दोन खोल्या, पुढे एक बैठक, मागे न्हाणी. अण्णा, म्हणजे माझे वडील अंबाजी, मूळचे भालकीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. निजामाच्या काळात शिकायला म्हणून हैदराबादला आले आणि काचीगुड्याला रेल्वेत मालाच्या कचेरीत कारकून होऊन इथलेच झाले. गाव सुटलं, पण गळ्यातली तुळशीची माळ सुटली नाही. आमच्यात एकदा माळ घातली की मांस, मासे, अंडं बंद. खाल्लं तर माळ उतरवायची, आणि ज्याची माळ उतरली त्याने माळकऱ्याच्या शेजारी जेवायला बसायचं नाही. युवराजला आठव्या वर्षी गावी नेऊन माळ घालून आणली. मला घातली नाही, मुलगी परक्या घरी जाणार, तिथलं काय सांगावं म्हणून. मी कुठल्याच घरी गेले नाही. सुलतान बाजारजवळच्या एका मराठी शाळेत शिकवायला लागले, आणि आई गेल्यावर चूलही माझ्याकडे आली. माळ तेवढी आली नाही. त्याचा राग मला अजून आहे.

अण्णांना शौक एकच, भाजीचा. रिटायर झाल्यापासून तर तो त्यांचा धंदाच झाला होता. सकाळी पिशवी घेऊन निघायचे. मुसी नदीकाठच्या मळ्यांतून बायका टोपल्या घेऊन येत, त्यांच्याकडून निवडून निवडून घ्यायचे. मुळ्याला माती लागलेली पाहिजे, नाहीतर तो त्यांना शिळा वाटे. जेवताना ताटात कच्चं काहीतरी हवंच: मुळा, कांद्याची पात, वरून मूठभर कोथिंबीर. अण्णा मुळा हाताने मोडत आणि मोठा तुकडा शेजारी युवराजच्या ताटात टाकत. त्याचं लग्न झालं तरी ते असंच करतील म्हणून मी चिडवायची. आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. मी मुळा एका भांड्यातल्या पाण्यात बुचकळायची, झटकायची आणि वाढायची. आई तसंच करायची, मीही तसंच केलं.

त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीत युवराज चोवीस वर्षांचा होता. कुकटपल्लीला एका नव्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. तेव्हा गल्लीत दर दुसऱ्या घरी कोणी ना कोणी कॉम्प्युटर शिकत होतं, माझ्या शाळेतली पोरं इंग्रजी शाळांत जात होती, आणि युवराजच्या तोंडात अमेरिकेशिवाय विषय नव्हता. बोलायचा फार. जेवताना बोलायचा, आंघोळ करताना बोलायचा. अण्णा म्हणायचे, ह्याला वकील करायला हवं होतं.

एका रविवारी जेवता जेवताच तो गप्प झाला. उजवा हात थाडथाड उडायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि तो ताटावर आडवा झाला. आम्ही ऑटोतून त्याला दवाखान्यात नेलं. वाटेत अण्णा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मी त्याचा हात धरला होता, तो अजून थरथरत होता.

डोक्याचा स्कॅन करायला आत नेताना तिथल्या माणसाने गळ्यातलं काढायला सांगितलं. अण्णांनी स्वतः माळ काढली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. बाहेर आला की लगेच घालतो, असं त्या माणसाला सांगितलं.

फोटोत मेंदूच्या डाव्या बाजूला एक पांढरं कडं दिसत होतं, लहान बोराएवढं. तिथले मेंदूचे डॉक्टर सिद्दिकी नावाचे होते, साठीला आलेले, सावकाश बोलणारे. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि आम्हाला समजावलं. ही गाठ असू शकते. क्षयाचीही असू शकते. पण त्यांना वाटत होतं की ही अळी आहे, मेंदूत जाऊन बसलेली, आणि तिच्याभोवती सूज आली आहे. फोटोत ती गाठीसारखीच दिसते, भलेभले फसतात. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी अण्णांना विचारलं, मुलाने कधी डुकराचं मांस खाल्लं होतं का.

अण्णा उठले. त्यांनी डॉक्टरांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि खोलीतून निघून गेले. अण्णा कधी कोणाला टाकून बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत.

डॉक्टरांना वाईट वाटलं. राहिलेलं सगळं त्यांनी मला सांगितलं. मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो, त्याची अंडी त्याच्या शौचातून मातीत, पाण्यात जातात. घाण पाण्यावर वाढलेल्या भाजीला ती चिकटतात. ती भाजी जो कच्ची खाईल त्याच्या पोटातून ती अळी डोक्यात चढते. त्याने जन्मात मांस खाल्लेलं असो की नसो.

"देखो बहन," ते म्हणाले, "हमारे में तो वो हराम है. फिर भी हमारे लोगां आते ये बीमारी लेको. तुमारे अब्बा को बोलो, बच्चे का कुछ कसूर नै."

गोळ्या द्यायच्या, फिट येऊ नये म्हणूनही एक गोळी, आणि दोन महिन्यांनी परत फोटो. कडं आकसलं तर अळी होती. नाही आकसलं तर मग ऑपरेशनचं बघू, असं त्यांचं म्हणणं.

मी बाहेर आले तेव्हा अण्णा बाकावर नव्हते. ते श्रीकांतकडे गेले होते. श्रीकांत पुण्याचा, नव्याने उघडलेल्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदूचा सर्जन. गणेशोत्सवात ओळख झालेली. हैदराबादेत मराठी सर्जन भेटला म्हणजे अण्णांना आपल्या घरचाच डॉक्टर भेटल्यासारखं वाटे. श्रीकांत वाईट नव्हता, खोटंही बोलला नाही. गाठ असू शकते म्हणाला, आणि वाईट गाठ असेल तर दोन महिने थांबणं परवडणार नाही. उघडून बघावं. जागा बोलण्याची आणि उजव्या हाताची आहे, त्यातलं काही जाऊही शकतं, हेही त्याने स्वच्छ सांगितलं. ऑपरेशन गुरुवारी त्याच्याच दवाखान्यात ठरलं. तोवर माळ अण्णांच्या खिशातच राहिली, ऑपरेशनला ती पुन्हा काढावीच लागणार होती.

मी अण्णांशी दोन दिवस भांडले. गोळ्या देऊन बघू म्हटलं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. अण्णांचं उत्तर एकच. ह्या गोळ्या मांस खाल्लेल्या माणसासाठी आहेत. माझ्या पोराने खाल्लं नाही. म्हणजे अळी नाही. म्हणजे गाठ आहे. त्यात त्यांना काही चुकीचं वाटत नव्हतं. पोरावरचा विश्वास इतका पक्का, की त्या विश्वासापायी ते त्याची कवटी उघडायला निघाले होते.

मग मी त्यांना खरं का सांगितलं नाही, असं कोणीही विचारील. मी सांगायला गेले होते. मंगळवारी दुपारी ते डबा घेऊन दवाखान्यात आले, मी जिन्यातच त्यांना गाठलं. डॉक्टर म्हणतात, अळी भाजीतून येते, एवढं म्हणाले. अण्णा म्हणाले, "कुणाच्या घरची भाजी? आपल्या घरची भाजी म्या आणतो," आणि पिशवी वर करून दाखवली. पिशवीत डब्याच्या बाजूला मुळा होता, पानांसकट, युवराजसाठी आणलेला. माझी पुढे बोलायची हिंमत झाली नाही. त्यांच्या हाताने ते दुखणं घरात आलं असं सांगायचं होतं, आणि ताटात ते माझ्याही हातून गेलं होतं. ते भांडं, ते एवढंसं पाणी मला दिसत होतं. मी मुळा काढून घेतला आणि खालच्या कचऱ्यात टाकला. अण्णांना सांगितलं की इथे कच्चं चालत नाही.

बुधवारी दुपारी अण्णा बाकावर बसले होते, हातात ऑपरेशनच्या मंजुरीचा कागद. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. आत युवराज औषधाच्या गुंगीत पडला होता. मी आत जाऊन त्याच्याकडे पाहिलं. झोपेतही त्याचे ओठ हलत होते, कोणाशी तरी बोलत होता. उद्या हे जाईल, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं. तोंड धुऊन मी बाहेर आले, अण्णांच्या शेजारी बसले.

"अण्णा, त्याने खाल्लंय," मी म्हणाले.

अण्णांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

"दिवाळीच्या आधी. कुकटपल्लीला मित्राच्या खोलीवर. मलाच सांगितलं त्याने, तुम्हाला सांगू नकोस म्हणाला."

"शपथ?"

"शपथ."

 समोरून एक नर्स गाडी ढकलत गेली. मग त्यांनी कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"मग गोळ्या दे," ते म्हणाले. त्यांचा हात खिशाकडे गेला, माळेवर थोडा वेळ थांबला आणि तसाच खाली आला.

गोळ्यांनी गुण आला. एप्रिलच्या फोटोत कड्याच्या जागी एक ठिपका उरला होता. सिद्दिकी डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी शिपायाला पाठवून बिस्किटं मागवली. युवराज त्यांच्याशी दख्खनीत गप्पा मारत बसला, उजव्या हाताने बिस्किट खात, आणि मी त्या हाताकडे आणि त्या तोंडाकडे बघत राहिले. त्या घटकेला मला माझ्या खोटेपणाचा अभिमानच वाटला.

पण घरी आल्या दिवसापासून अण्णांनी त्याचं ताट बैठकीत लावायला सांगितलं होतं. कारण काही दिलं नाही. युवराजला आधी वाटलं, आजारपणाचं पथ्य असेल. पंधरा दिवसांनी त्याने माळ मागितली, तर अण्णा उठून बाहेर गेले. मग त्याने मला विचारलं. मी म्हणाले, डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला ते त्यांच्या मनाला लागलंय, निवळेल. तो सरळ अण्णांसमोर जाऊन उभा राहिला. मी खाल्लेलं नाही, अण्णा, आईची शपथ घेतो, म्हणाला. मी दाराआड होते. अण्णा म्हणाले, "शपथ घेऊ नको. एक पाप पुरे झालं."

तेव्हा मी पुढे व्हायला हवं होतं. नाही झाले. अजून गोळ्या चालू आहेत, अण्णा बंद करतील, असं मी मनाशी म्हटलं. गोळ्या संपल्यावर म्हटलं, जखम ताजी आहे, जरा जाऊ दे. पुढे तर रोजच काही ना काही कारण मिळत गेलं. युवराज बैठकीत एकटा जेवायचा, मी ताट नेऊन द्यायची. जेवताना तो बोलेनासा झाला. जो आवाज वाचवायला मी खोटं बोलले तो आमच्या घरात राहिलाच नाही. पंच्याण्णव साली तो अमेरिकेला गेला. अण्णा बेगमपेटच्या विमानतळावर आले होते, पण लांब खांबापाशी उभे राहिले. युवराजने तिथूनच वाकून नमस्कार केला.

त्यानंतर अण्णांनी मुळा आणणं सोडलं. दात दुखतात म्हणाले. माझा विश्वास बसला, कारण मला तो बसवायचा होता.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात अण्णांचं हृदय थकलं. पायाला सूज, दोन पावलं टाकली की दम. आता आठवड्यांचा हिशेब आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका दुपारी मी त्यांचे पाय दाबत होते. दाबता दाबताच सांगून टाकलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"अण्णा, युवराजने खाल्लं नव्हतं. मी खोटं बोलले."

"ठावं हाय मला," अण्णा म्हणाले.

माझे हात थांबले. मग त्यांनी थांबत थांबत, श्वास घेत सांगितलं. युवराज गेल्यावर दोन महिन्यांनी ते एकटेच सिद्दिकी डॉक्टरांकडे गेले होते. परदेशात त्याला परत फिट आली तर काय करावं, एवढंच विचारायला. तुमची मुलगी बोलली असेलच, असं म्हणत डॉक्टरांनी पुन्हा सगळं सांगितलं: माती, पाणी, कच्ची भाजी, जन्मात मांस न खाल्लेल्यालाही हे होतं. तिथून ते चालत घरी आले होते.

"तू कशापायी बोललीस ते बी कळलं," अण्णा म्हणाले. "पोरगं बोलतंय, हिंडतंय. म्हणून तुला काय म्हणलो नाही."

"मग त्याला का नाही कळवलंत, तीन वर्षं?"

"काय कळवू? तुझा गुन्हा नव्हता म्हणलो, की कुणाचा होता ते बी सांगावं लागतं. मुळा म्या आणला."

"धुतला मी," मी म्हणाले.

 बापाने आणि बहिणीने मिळून आपलं पाप त्या पोराच्या माथी मारलं होतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. मला अण्णांचा संताप आला. ते माझ्यासारखेच निघाले, म्हणून जास्त आला.

अण्णांनी उशीखाली हात घालून माळ काढली. मणी तेच, दोरा नवा. दोनदा ओवून घेतली, म्हणाले. मग मला फोन लावायला सांगितला. त्याला सगळं सांग. म्हणावं, ये, माळ घाल. एकदा शेजारी बसून जेवू.

घरात फोन आता होता, पण तो अण्णांच्या उशापाशी, म्हणून मी कोपऱ्यावरच्या बूथवर गेले. काचेच्या दाराआड उभी राहून मी सगळं सांगितलं, सिद्दिकी डॉक्टरांपासून मुळ्यापर्यंत.  

"म्हणजे तू होतीस, अक्का," युवराज म्हणाला.

मी रडत होते. तो रडला नाही. त्याला वाटायचं, डॉक्टरांनीच काही उलटसुलट सांगितलं असेल. बैठकीत जेवताना तो डॉक्टरांना शिव्या द्यायचा, म्हणाला, आणि त्याचं ताट मीच आणून देत होते. मग मी माळेचं सांगितलं.

"तिकीट बघतो," तो म्हणाला. "पण माळ नाही घालता येणार. मी खातो आता. सगळं. ते पण."

मी विचारलं नाही, तरी त्याने सांगितलं. पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी पुढ्यात प्लेट ठेवली. काय आहे ते त्याने विचारून घेतलं आणि खाल्लं. शिक्षा भोगून झालीच आहे, मग खाल्लं तर काय, असं वाटलं. "खोटं बोलून माळ घालू नये, एवढं अण्णांनीच शिकवलंय. त्यांना सांग, ठेवून घ्या."

बूथपासून घर पाच मिनिटांचं. मला अर्धा तास लागला. अण्णा उशीला टेकून दाराकडे बघत होते.

"काय म्हणला?"

"येतो म्हणाला," मी सांगितलं. "माळ घालीन म्हणाला. तुमच्या हातूनच."

अण्णांनी डोळे मिटले. तसेच म्हणाले, तो येईल त्या दिवशी मुळा आण. नीट धू, नळ सोडून धू. मग माळ मुठीत घेऊन झोपले. चौथ्या दिवशी सकाळी गेले, तेव्हाही ती मुठीतच होती, मला बोटं सोडवावी लागली.

युवराज दोन दिवसांनी पोचला. तेराव्याला गावाकडचे माळकरी आले होते. पंगत बसली, कोणीतरी त्याला अण्णांच्या जागेशेजारी बस म्हणालं. त्याने आपलं ताट उचललं आणि कोणाला काही न सांगता बैठकीत जाऊन बसला. पाच वर्षांपूर्वी बसायचा त्याच भिंतीशी. मी माझं ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसले.

दोन-तीन घास खाल्ल्यावर त्याने मान वर न करता विचारलं, "अण्णांना काय सांगितलंस?"

"माळ घालीन म्हणालास, असं."

"बरं केलंस," युवराज म्हणाला. मग त्याने हातातला घास ताटात परत ठेवला, आणि पुढे त्याला जेववलं नाही.